पन्नास हे कायद्याचं वय
वसई-विरारहून परळच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरकी शिकायला जाणारा आमचा चार-पाच जणींचा गट. दादर येईपर्यंत लोकलच्या गर्दीत उभ्या-उभ्याच व्हायव्हाची तयारी चालते. एकदा वंध्यत्वाचा विषय निघाला. नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीनं आयव्हीएफचे सगळे टप्पे घडाघडा सांगितले : इंजेक्शनं, स्त्रीबीजं काढणं, लॅबमधलं फलन, गर्भ गर्भाशयात सोडणं. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यातली वयाची मर्यादाही तिला पाठ होती, बाईला ५०, पुरुषाला ५५. "म्हणजे पन्नाशीपर्यंत वेळ असतो," दुसरी म्हणाली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला तेच बोचलं. पन्नास हे कायद्यानं ठरवलेलं वय आहे, शरीरानं नव्हे. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्यानं खालावते. स्वतःचीच बीजं वापरायची असतील, तर गेलेली वर्षं आयव्हीएफही भरून देत नाही. डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ला टेस्ट-ट्यूब बेबी हर्षाचा जन्म आमच्याच केईएममध्ये झाला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तंत्राच्या कौतुकात त्याच्या मर्यादा झाकल्या जाऊ नयेत.

पुढे ओपीडीत विरारहून आलेलं एक जोडपं भेटलं. बाईंच्या हातात जाडजूड फाइल : सोनोग्राफ्या, हार्मोन्स, गर्भनलिकांचा एक्स-रे. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. "सासूबाई म्हणतात, त्याला काय झालंय?" त्या हळूच म्हणाल्या. रेसिडेंट डॉक्टरांनी शांतपणे आधी वीर्यतपासणी लिहून दिली. वंध्यत्वाचं कारण पुरुषातही असतं, हे आम्ही परीक्षेत लिहितो. खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला ते सांगायला वेगळं धैर्य लागतं.

बाहेर आल्यावर एक सहाध्यायी म्हणाला, "एवढा खर्च करण्यापेक्षा दत्तक घ्यावं ना!" दत्तक घेणं सुंदरच, पण तो त्या दोघांचा निर्णय. आपण तो औषधासारखा लिहून देऊ शकत नाही. आपलं मत पेशंटवर न लादणं मी माझ्या वसईच्या ख्रिस्ती मैत्रिणीत पाहिलं. ती लॅबमधल्या गर्भालाही जीव मानते. व्हॅटिकननं १९८७मध्ये आयव्हीएफ अमान्य ठरवलं, तेच तिचंही मत. तरी ती म्हणाली, "पेशंटला मी पूर्ण माहिती देईन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवीन." तिची श्रद्धा तिच्यापाशी राहिली आणि पेशंटचा हक्कही शाबूत राहिला. असं वागता येणं हाही शिक्षणाचा भाग आहे, असं मी मनापासून मानते.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर दोघांनी तपासून घ्यावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांतच. आमच्यातली प्रत्येक जण उद्या नालासोपारा-विरारच्या दवाखान्यात बसेल, तेव्हा एवढं तरी तिनं न संकोचता आणि नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं.