प्रोषितभर्तृकेचा आश्विन

संस्कृत काव्यात शरद ऋतूची दोन चित्रे शेजारी शेजारी उभी आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात, हे आपण वर्गात फारसे सांगत नाही. 'मेघदूता'तला यक्ष पत्नीला निरोप धाडतो, की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल. उरलेले चार महिने डोळे मिटून काढ, मग शरदाच्या चांदण्या रात्री आपल्याच आहेत. म्हणजे शरद हा परतीचा ऋतू. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात मात्र पाऊस सरतो, नद्यांना उतार पडतो, रस्त्यांवरचा चिखल वाळतो आणि शरद ऋतू रघूला दिग्विजयाला निघण्याची प्रेरणा देतो. रामायणाच्या किष्किंधाकांडातही पावसाळाभर थांबलेला राम शरद येताच म्हणतो, की राजांनी मोहिमा काढण्याचा हा काळ. आपल्याकडचे दसऱ्याचे सीमोल्लंघन याच परंपरेतले. पेशवाईतली फौज दसरा झाला की मुलूखगिरीवर निघे. म्हणजे शरद हा निघण्याचाही ऋतू. दोन्ही चित्रे कालिदासाचीच. फरक एवढाच, की दिग्विजयाच्या वर्णनात निघालेल्या सैनिकांच्या घरी काय चालले होते याला जागा नाही.

हा फरक मला पदव्युत्तर वर्गात शिकताना दिसला नव्हता. तो दिसला पठाणकोटजवळच्या मामून छावणीत, २०१६ सालच्या आश्विनात.

माझे पती तेव्हा नायब सुभेदार होते आणि त्यांची पलटण राजौरी-पूंछ भागात नियंत्रण रेषेवर होती. अशा ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. त्यामुळे फौजेत 'एस. एफ. क्वार्टर' नावाची एक सोय असते. सेपरेटेड फॅमिली, म्हणजे विलग कुटुंब. भरतमुनींनी अष्टनायिकांत जिला प्रोषितभर्तृका म्हटले, तिचे हे सरकारी नाव. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरते अंगण. आमच्या ओळीत बारा घरे होती आणि बाराही घरांत पुरुष नव्हता. गढवालची, केरळची, रोहतकची, जम्मूची अशा आम्ही बाराजणी एकमेकींना 'भाभी' म्हणत असू. माझी मुलगी तिसरीत होती. मी साताऱ्याकडच्या एका महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन आले होते. एम.ए. मराठी या पदवीला त्या ओळीत एकच उपयोग होता: कुणाला इंग्रजी अर्ज लिहून हवा असला की 'मास्टरनी भाभी'कडे धाडत.

पंजाबातला शरद आपल्यासारखा नसतो. आपल्याकडे आश्विनातले ऊन अंग भाजून काढते. तिथे पावसाने हवा धुतली, की एका सकाळी उत्तरेला धौलाधारची रांग एकदम जवळ येऊन उभी राहते आणि काही दिवसांत तिच्या माथ्यावर पांढरी रेघ उमटते. छावणीच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना सातवीण लावलेली. ऑक्टोबरात ती फुलली, की संध्याकाळी तिच्या उग्र वासाने डोके जड होई. कालिदासाने या सप्तपर्णाच्या फुलांचा वास हत्तीच्या मदासारखा म्हटला आहे. ते वाक्य मी अनेकदा शिकवले होते, पण वास प्रथमच घेत होते. पहाटे दारात पारिजातक पडे, त्याला तिथे हरसिंगार म्हणतात. भातकापणी सुरू झाली, की धुराचा पडदा येई आणि धौलाधार पुन्हा नाहीशी होई.

दिवस मात्र काव्यात जात नसे. पाणी सकाळी साडेपाचला येई आणि सातला जाई, तेवढ्यात पिंपे भरायची. सात वाजता शाळेची गाडी. महिन्यातून एकदा कँटीनची रांग. नळ गळत असेल, तर एम. ई. एस.च्या कार्यालयात तक्रार नोंदवायची आणि तीनदा आठवण करून द्यायची. थंडीच्या आधी रजया उन्हात टाकायच्या. मुलीला ताप आला, की लष्करी रुग्णालयात पुस्तिका घेऊन बसायचे. रात्री फोनची वाट पाहायची. ती मात्र सगळ्या कामांच्या खालून सतत वाहत असे, जमिनीखालच्या पाण्यासारखी.

त्या वर्षी १८ सप्टेंबरला उरीच्या तळावर हल्ला झाला. त्यानंतरचे दहा दिवस ओळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हते. २९ सप्टेंबरला दुपारी दूरदर्शनवर लक्ष्यवेधी कारवाईची घोषणा झाली आणि त्याच दिवशी पंजाबच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या पट्ट्यातली गावे रिकामी करण्याचा आदेश निघाला. आमच्या दूधवाल्याच्या घरी बमियालकडची त्याची बहीण मुले घेऊन आली. तिचा नवरा आला नव्हता. गोठ्यात म्हशी होत्या आणि शेतात भात उभे होते. ते सोडून कसे यायचे? दूधवाला हे सांगत होता आणि मी पातेले धरून उभी होते. तीही आता आमच्यातलीच एक होती. फक्त तिच्यासाठी सरकारी क्वार्टर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, त्याच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पाच दिवस फोन लागला नाही. सहाव्या दिवशी रात्री अकराला लागला.

"अगं, सगळं ठीक आहे. पाणी येतं का वेळेवर?"

"येतं. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. तिचा अभ्यास?"

"चाललाय. सव्वीसचा पाढा पाठ केलाय."

एवढेच. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही. फौजी घरात फोनवर काय बोलायचे नाही, याचे एक अलिखित व्याकरण असते आणि ते लहान मुलांनाही येते. पाण्याची चौकशी हाच त्या भाषेतला शृंगार आणि पाढा हाच कुशलसंदेश.

त्या नवरात्रात मी ओळीतल्या बायकांना भोंडला शिकवला. पाटावर खडूने हत्ती काढला, त्याला हरसिंगाराचा हार घातला आणि फेर धरला. त्यांना शब्द येत नव्हते, म्हणून मी प्रत्येक गाण्याचा अर्थ हिंदीत सांगत होते. कारल्याच्या वेलाचे गाणे आले. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर, मग जा. मग त्याला कोंब येऊ दे, वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारली लागू देत. मी हे सांगत असतानाच गढवाली भाभी फेरातच थांबली आणि हसत सुटली. "अरे, ये तो छुट्टी की अर्ज़ी है!" मग बाराजणींनी ते गाणे तिथल्या तिथे पुरे केले. पहले रिलीफ आने दो. फिर एक्सरसाइज़ हो जाने दो. फिर साहब का इंस्पेक्शन हो जाने दो. हसता हसता रोहतकची पोर, वय तेवीस, पोटात सातवा महिना, मटकन खाली बसली आणि रडू लागली. तिला कोणी समजावले नाही. खिरापत ओळखण्याचा खेळ पुढे चालू झाला आणि पहिली वाटी तिच्या हातात दिली. त्यानंतर काही दिवसांनी करवा चौथ आली. त्या सगळ्या चाळणीतून चंद्र पाहत असताना मी, व्रत नसलेली, त्यांच्यासाठी चहा करत होते.

एम.ए.ला असताना 'करुण' आणि 'विप्रलंभ' यांतला भेद मी पाठ केला होता: पुन्हा भेटीची आशा असते तो विप्रलंभ. ती आशा त्या ओळीत रोज रात्री अकरापर्यंत ताणून धरावी लागे.

दिवाळीच्या आधी महाविद्यालयाचे पत्र आले. रजा आता वाढणार नव्हती. दुसऱ्या सत्राच्या आरंभी रुजू व्हायचे, नाहीतर राजीनामा. पलटण आणखी दीड वर्ष तिथेच राहणार होती. पठाणकोटला राहिले, तर सुटी मिळेल तेव्हा ते सहा-सात तासांत पोचू शकत. साताऱ्याला गेले, तर त्याच सुटीतले चार दिवस गाडीत जाणार. हिशेब इतका साधा होता आणि सुटत नव्हता.

मी सासूबाईंना फोन केला. त्या चौथी शिकलेल्या. सासरेही फौजेत होते. साताऱ्याच्या त्या भागात अशी गावे आहेत, की घरटी एक माणूस फौजेत. अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, ते उगाच नाही. १९७१च्या डिसेंबरात सासरे आघाडीवर होते तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात मनीऑर्डरची कूपने जपून ठेवलेली मी पाहिली होती. प्रत्येकावर दोन ओळी: पैसे पाठवले, मी खुशाल आहे. उत्तराचे काय करायच्या, असे मी एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "पावतीवर सही करायची की. ती पावती त्यांच्याकडं माघारी जायाची. सही बगितली की कळायचं, हाय म्हून." वर्षानुवर्षे त्यांचे पत्र म्हणजे ती सही.

त्या रात्री फोनवर त्या म्हणाल्या, "तो यील तवा यील. तू वाट बगायला तितं बस, न्हाईतर हितं बस, वाट तेवढीच. पन नोकरी गेली तर माघारी येत न्हाई. मला सहीच करता येत हुती, तुला लिवता येतंय."

यजमानांना विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिझर्व्हेशन मिळेल का बघ."

नोव्हेंबरच्या ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. घरखर्चाला बाजूला ठेवलेले पैसे त्याच नोटांत होते. रेल्वेच्या खिडकीवर त्या अजून घेत होते, म्हणून तिकिटे निघाली. झेलम एक्स्प्रेस, पुण्यापर्यंत दोन रात्री. ओळीतल्या भाभींनी पराठे बांधून दिले. प्रबोधिनी एकादशी त्याच आठवड्यात होती. यक्षाचा शाप संपतो तो दिवस. आमचे अंतर त्या आठवड्यात कितीतरी पटींनी वाढले. यजमान पलटणीसह तिथून निघाले ते २०१८ सालच्या उन्हाळ्यात.

आता मी पुन्हा वर्गात 'मेघदूत' सांगते, शांताबाई शेळक्यांचा अनुवाद हाताशी ठेवून. आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही: या काव्यात यक्षाची पत्नी किती बोलते? मुले पाने उलटतात. ती प्रत्यक्ष बोलतच नाही. ती कृश झाली असेल, वीणा मांडीवर घेऊन बसली असेल, उंबऱ्यावरची फुले मोजत असेल, हे सगळे यक्षाला वाटते. विरहाचे आपले सर्वांत श्रेष्ठ काव्य दूर गेलेल्याने रचलेले आहे आणि मागे राहिलेलीला त्याने एका जागी बसवून ठेवले आहे. पिंपे कोण भरत होते, अलकानगरीत नळ गळत होता की नाही, याची त्याला वार्ता नाही. त्यामुळे काव्य उणे होत नाही. पण 'गाथासप्तशती'तल्या पथिकांच्या बायका, पेशवाईतल्या लावणीतल्या शिपायांच्या बायका आणि भोंडल्यातल्या सुना यांच्याजवळ 'मेघदूत' ठेवून वाचले, तर त्या मौनाचा आकार दिसू लागतो.

दर वर्षी शरदात मी विद्यार्थ्यांना एक लेखन देते: यक्षाच्या पत्नीने मेघाकरवी पाठवलेले उत्तर. आमच्याकडे अनेकींचे भाऊ, वडील, क्वचित नवरे फौजेत आहेत. त्यांची उत्तरे वीणेने सुरू होत नाहीत. सोसायटीचा हप्ता भरला. आईंचे गुडघे दुखतात. म्हैस व्याली, रेडकू आहे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नाव घातले आहे, तुम्हांला विचारायचे राहिले. गेल्या वर्षी एकीने फक्त सही करून कागद दिला. तिला सासूबाईंची गोष्ट ठाऊक नव्हती. मी तिला पूर्ण गुण दिले आणि शेवटच्या तासाला ती गोष्ट सांगितली.