बाकी काई नाई

डुकराचं रक्त काढायचं तर आधी कानांची तयारी लागते. वरच्या जबड्यात दोरीचा फास पडला की ते असं बोंबलतं, की औंढ्यातल्या वस्तीची अर्धी गल्ली गोळा होते. नस डोळ्यांना दिसत नाही. मानेच्या खोबणीत, छातीच्या हाडाच्या वर, अदमासानेच सुई घालायची. हात बसायला मला दोन वर्षं लागली.

पण ज्याच्या मागावर ही सुई जाते, तो क्लासिकल स्वाइन फीवरचा विषाणू आवाजच होऊ देत नाही. विषाणू शिरला की पेशीने दवंडी पिटायची असते. इंटरफेरॉन बाहेर पडलं की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. दवंडीचा हुकूम सोडतं आयआरएफ-३ नावाचं प्रथिन. या विषाणूची शिदोरी सगळी मिळून १२ प्रथिनांची. त्यांतलं पहिलंच, एन-प्रो, साखळीतून स्वतःला कापून मोकळं होतं आणि आयआरएफ-३ला पेशीच्याच कचरा-यंत्रणेच्या तोंडी देतं. ई-आरएनएस हे आणखी एक प्रथिन पेशीबाहेर सांडलेला आरएनए कुरतडतं, म्हणजे मागमूसही उरत नाही. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २००४मध्ये दाखवलं, की एन-प्रो काढून घेतलं तर जहाल विषाणूही सौम्य पडतो. एका प्रथिनात एवढं बळ! मी ते दोनदा वाचलं.

त्यानंतर माझी नजर बदलली. पूर्वी कान जांभळे पडलेलं डुक्कर शोधायचो. आता कोपऱ्यात गप बसलेल्याला आधी थर्मामीटर लावतो. मेलेल्यापेक्षा तापातल्या जनावराचं रक्त बर्फात घालून पाठवणं मला मोलाचं वाटतं. मेलेलं असेल तर टॉन्सिल घेतो. विषाणू आधी तिथंच वाढतो.

परवा एक मामी म्हणाल्या, “सायेब, कालपासून खायना गेलंय, बाकी काई नाई.” ते ‘बाकी काई नाई’ मी आता फार जपून ऐकतो. बाहेर काही दिसत नसतानाही ते जनावर रोग पसरवत असू शकतं.

लस आहे. पूर्वी ती सशांवर तयार व्हायची; २०२०मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींवर वाढवलेली देशी लस आणली. ती टोचून घ्या. ढाब्यावरचं उरलंसुरलं अन्न अर्धा तास खळखळ उकळूनच घाला. आणि डुकराने खाणं सोडलं, की त्याच दिवशी दवाखान्यात सांगा. त्याला बाजारात नेऊ नका.