मुलाची सायकल

संसारांतील मोठे खर्च मनुष्यास फारसे कोड्यांत पाडीत नाहींत. घरभाडें, वीज, शाळेची फी यांचे आंकडे दुसऱ्यानेंच ठरविलेले असतात. पंचाईत होते ती ज्या खर्चाची मर्यादा आपली आपणच आंखावयाची असते तेथें. चिरंजीवांना आठवें वर्ष लागलें आणि सायकल घेण्याचें ठरलें, तेव्हां आम्हांला या गोष्टीचा पुरता प्रत्यय आला.

दुकानांत ५,००० रुपयांची सायकल होती, तशीच १५,००० रुपयांचीहि होती. महागडीला गिअर होते, पुढें-मागें स्प्रिंगा होत्या, आणि शेजारच्या मुलाकडे तसलीच असल्यामुळें चिरंजीवांची दृष्टि तिच्यावरून हलेना. दुकानदारानें हप्त्यांची सोय सुचविली. बरोबर आलेले आमचे वडील म्हणाले, "अरे, साधीच घे, पण मोठी घे, म्हणजे पांच-सात वर्षें बघायला नको." त्यांनीं स्वतः तासावर भाड्यानें मिळणाऱ्या मोठ्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत ही विद्या संपादिली होती.

एका बाजूस हौस, दुसऱ्या बाजूस काटकसर. पण मुलाच्या पायांची लांबी दोघींच्याहि हिशोबांत नव्हती. म्हणून आम्हीं मुलालाच एकेका सायकलीवर बसवून पाहिलें. २४ इंची चाकांच्या सायकलीवर त्याचे नुसते अंगठे जमिनीला टेकले, आणि बोटें ब्रेकच्या दांडीपर्यंत पोंचेनात. गिअरची सायकल १५ किलोंच्या वर भरली. मुलाचें वजन २४ किलो. २० इंची साध्या सायकलीवर मात्र पाय नीट टेकले आणि ब्रेक मुठींत आला.

मुलाच्या गरजेकडे पाहून केलेली सोय केवढी मोठी ठरते, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांच्या लहानग्याची तिचाकी भरीव चाकांमुळें हादरे देई. पित्यानें रबरी नळींत हवा भरून ती चाकांवर चढविली, आणि १८८८ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. मुलाला बसणाऱ्या धक्क्यांकडे लक्ष गेलें, म्हणूनच त्यांना ती सुचली.

शेवटीं आम्हीं ५,००० रुपयांची २० इंची सायकल घेतली, आणि तिच्याबरोबर एक चांगलें हेल्मेट. दोन-तीन वर्षांत ती मुलास अपुरी पडेल, तेव्हां धाकट्या बहिणीकडे जाईल. त्या वेळच्या मोठ्या सायकलीसाठीं कांहीं पैसे बाजूस काढून ठेवले. मूल वाढतांच जी वस्तु लहान व्हावयाची, तिच्यासाठीं हप्ते मागें लावून घेणें आम्हांला पटेना. हा सारा हिशोब मुलाला कागदावर मांडून दाखविला. त्याला तो कळला. आवडला असें मात्र म्हणवत नाहीं. गिअरची सायकल गल्लींतून गेली कीं तो अजूनहि वळून पाहतो.

त्या दृष्टीला भिऊन पालकांनीं खर्च वाढवूं नये, आणि तिची थट्टाहि करूं नये. मुलाच्या उंचीस बसेल आणि वेळेवर थांबेल एवढ्या सायकलीला पैसा कमी पडूं देऊं नये. त्यापुढील प्रत्येक रुपया कोणाच्या समाधानासाठीं जातो, हें आपल्या मनालाच एकदां विचारून पाहावें.