शाळेतलं मतदान आणि गुरुजींचा मोबाईल

शाळा सुरू झाल्या की जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत मंत्रिमंडळाची निवडणूक होते. हल्ली चिठ्ठ्यांऐवजी मोबाईलवरचं मतदान यंत्राचं ॲप वापरतात. मीही वापरतो. नागरिकशास्त्राचा धडा त्या अर्ध्या दिवसात जेवढा उमगतो, तेवढा फळ्यावर उमगत नाही. मात्र मोबाईल नीट हाताळायला हवा.

आदल्या दिवशी ॲपमध्ये नावं आणि चिन्हं भरायची. चिन्हं मुलांनीच काढलेली, ठळक असावीत. ज्याला अजून वाचता येत नाही, तो चिन्ह बघूनच मत देतो. सकाळी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन मतदानात केंद्रप्रमुखांचा फोन येतो आणि रांग खोळंबते. स्क्रीन त्या एकाच ॲपवर पिन करायची.

खरी काळजी गुप्ततेची. काही ठिकाणी स्मार्ट टीव्हीवर मतांचे आकडे चालू ठेवतात. पोरं टाळ्या पिटतात, वर्ग रंगतो. मला ते अजिबात पटत नाही. वीस-बावीस मुलांच्या वर्गात एखादी मुलगी आत गेली आणि पतंगाचं एक मत वाढलं, की तिचं मत सगळ्यांना कळलं. मग मैत्रीण रुसते, एखादा दांडगा मुलगा मधल्या सुट्टीत जाब विचारतो. पुढच्या वेळी ती भीतीनेच बटण दाबणार. खऱ्या यंत्राच्या कंट्रोल युनिटवर 'टोटल' दाबलं तर एकूण मतं किती पडली एवढंच दिसतं. 'क्लोज' दाबून मतदान संपवल्याशिवाय 'रिझल्ट'चं बटण चालतच नाही. हा क्रम मी मुलांना समजावतो. तो न पाळणारं ॲप घेत नाही.

मतदानाआधी मॉक पोल. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसवून मतं टाकायची, वहीत लिहायची, ताळा जुळवायचा, मग सगळं पुसून शून्य दाखवायचं. "यंत्र बरोबर मोजतं कशावरून?" असं पाचवीतली पोरं विचारतात. विचारायलाच हवं! उत्तर तोंडी देऊ नये, वही पुढे करावी. यादीत शेवटी 'नोटा'ही असावा. देशात तो 2013 पासून आहे.

यादी तपासणं, शाई लावणं, रांग लावणं, सगळं मुलांनी करावं. शिक्षकाने मतदान कक्षाकडे पाठ करून बसावं, मोबाईल त्याचा असला तरी.

शिक्षक मित्रांनो, यंदा निकाल लागेपर्यंत टीव्ही बंद ठेवा, आणि निकालपत्रावर हरलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींच्याही सह्या घ्या.