पाळण्याच्या तीन दांड्या

निवृत्त माणसानें एखादा छंद धरावा, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. परंतु एकत्र कुटुंबांत तो छंद कोणत्या खोलींत, कोणाच्या पैशानें आणि कोणाच्या झोपेच्या वेळीं चालवावा, हें मात्र कोणी सांगत नाहीं. मीं छत्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलें. निवृत्तीनंतर मला लाकूड कातण्याची हौस उपजली, आणि तिचें कारण घरांतच निघालें.

आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा सागवानी पाळणा आहे. दादा, मी, आमचीं मुलें, सारीं त्यांतच झोपलीं. त्याच्या कठड्याच्या कातीव दांड्यांपैकीं तीन मोडल्या होत्या. दादांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं येणार असें ठरलें, तेव्हां वहिनींनीं पाळणा माळ्यावरून उतरविला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, पेठेंतला कातारी तर आतां राहिला नाहीं. बाळ येईपर्यंत तुम्हांला हें जमेल का?" मीं विचार न करतां हो म्हटलें. उत्तर येत नसलें तरी फळ्याजवळ उभें राहावयाचें, हा मास्तरांचा जुनाच दोष आहे.

लेथ घ्यावयाचा म्हणजे कमी पैशांत जास्त मोठें यंत्र घ्यावयाचें, अशी माझी तेव्हांची समजूत. मोबाइलवर एक जाहिरात पाहिली आणि १४,००० रुपये मोजून यंत्र मागविलें. मोटरीचे आंकडे मोठे होते, चित्रही देखणें होतें. घरीं आलें तें दोन पोकळ नळ्यांवर बसविलेलें बारा किलोंचें हलकें प्रकरण. चौथ्याच दिवशीं मीं त्यावर बाभळीचा एक वांकडा ओंडका लावला आणि वेग न पाहतां बटण दाबलें. यंत्र टेबलावर नाचूं लागलें, लाकडाला मागून आधार देणारा टेलस्टॉक सैल झाला आणि ओंडका सुटून दारावर आदळला. त्या दारांत दादांचा सहा वर्षांचा नातू उभा होता. ओंडका त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

कोणीही मला रागावलें नाहीं; तेंच सर्वांत कठीण गेलें. दादांनीं तो ओंडका उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि मुलाला घेऊन ते आंत गेले. रात्रीं जेवतांना वहिनी एवढेंच म्हणाल्या, "पाळण्याला बाजारांतल्या दांड्या लावूं."

त्यानंतर पंधरा दिवस मीं यंत्राला हात लावला नाहीं. वही मात्र घेतली. आरंभीं जें करावयास हवें होतें, तें गणित आतां मांडलें. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशी हौस उपजली तर उपयोग व्हावा, म्हणून तें येथें देतों.

पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे, वस्तूचा. काय कातावयाचें? माझी दांडी १४ इंच लांब. तेव्हां दोन टोंकांमधील अंतर निदान १६ इंच हवें. वाडगा किंवा ताटली करावयाची असेल तर दुसरें माप पाहावें. बेडपासून मध्यबिंदूची जी उंची, तिच्या दुपटीएवढ्या व्यासाचें लाकूड फार तर फिरूं शकतें. दहा इंची लेथ म्हणतात तो यामुळेंच, त्याची लांबी दहा इंच असते म्हणून नव्हे.

दुसरा प्रश्न वजनाचा. लाकूड आरंभीं कधींच पुरतें गोल नसतें. त्यामुळें यंत्र हादरतें. ओतीव बिडाचा जड बेड तो हादरा पचवितो, पत्रा आणि पोकळ नळी तो वाढवितात. लहान लेथ घ्यावा, हलका घेऊं नये.

तिसरा प्रश्न वेगाचा. १० इंच व्यासाचें लाकूड मिनिटाला १,००० फेरे घेऊं लागलें कीं त्याची कड ताशी सुमारें ४८ किलोमीटर वेगानें धांवते. कातारी मंडळींचा एक आडाखा आहे: इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा. म्हणजे दहा इंची लाकडाला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ओंडका याहूनही सावकाश फिरवावा. बारीक दांडीला हा हिशेब लावून वेग भलताच वाढवूं नये. दीड-दोन हजार फेरे पुरतात. सबब यंत्राचा कमाल वेग विचारण्याआधीं किमान वेग विचारावा. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे सुमारें ३७३ वॅटची, घरगुती कामास पुष्कळ झाली.

चौथा प्रश्न सुट्या भागांचा. स्पिंडलचे आटे आणि त्यांतील निमुळतें भोंक प्रचलित मापाचें नसेल, तर पुढें लागणारे चक वगैरे भाग बाजारांत मिळत नाहींत आणि स्वस्त यंत्र महाग पडतें.

पांचवा प्रश्न सर्वांत शेवटीं, पैशांचा. यंत्राच्या किमतीइतकेंच लक्ष इतर खर्चाकडे द्यावें. माझा हिशेब असा झाला: बिडाचा लेथ ३८,०००, चांगल्या पोलादाच्या तीन पटाश्या ७,०००, धार लावण्याचा ग्राइंडर ४,५००, जड लांकडी टेबल ५,०००, अर्थिंगसह वीजजोडणी २,५००, तोंडावरची पारदर्शक ढाल आणि धुळीसाठीं मुखपट्टी १,५००; एकूण ५८,५०० रुपये. दांड्या दोन टोंकांमध्येंच कातल्या जातात, म्हणून चक पुढें ढकलला. ढाल मात्र पुढें ढकलली नाहीं.

ही वही मीं दादांपुढें ठेवली. त्यांनीं ती दोनदां वाचली आणि विचारलें, "आणि दार?" मीं शेवटच्या ओळींत लिहिलें: दाराला आंतून कडी, काम चालू असतां सैल बाही, उपरणें, गळ्यांतील साखळी वर्ज्य. दादांनीं वही मिटली आणि म्हणाले, "घे."

नवा लेथ आल्यावर महिनाभर मीं केवळ लाटणीं कातलीं. वहिनींनीं तीं शेजारींपाजारीं वाटलीं. तीं घेणाऱ्यांनीं मौन पाळलें. मग जुन्या दांडीचा पुठ्ठ्याचा साचा केला. तीन दांड्या जमण्यासाठीं अकरा बिघडल्या. बारशाच्या आदल्या दिवशीं पाळणा टांगला. नव्या दांड्यांचा रंग जुन्यांहून फिका दिसतो. मीं रंग लावावयास निघालों, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "राहूं द्या, भाऊजी. कोणत्या पिढीनें काय केलें, तें कळूं द्या कीं."

आतां बाळासाठीं लाखेचा खुळखुळा करावा म्हणतों. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेंकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लाकडाला चिकटते आणि केवड्याच्या पानानें तिला चकाकी येते. तें साधेल न साधेल.

तो बाभळीचा ओंडका मीं टाकला नाहीं. लेथच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. बटण दाबण्यापूर्वीं एकदां त्याच्याकडे आणि एकदां दाराच्या कडीकडे पाहतों, मग दाबतों.