दयेचे वेळापत्रक

माणसाच्या मनात दया उत्पन्न व्हायला क्षण पुरतो. ती टिकवायला मात्र घड्याळ लागते. हे तत्त्वज्ञान मी कुठल्या ग्रंथात वाचले नाही. ते आमच्या घरी बंड्यामुळे समजले. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, कुळगोत्र अज्ञात.

पावसाळ्यात तो उघड्या गटारात पडला होता. भटक्या जनावरांची शुश्रूषा करणाऱ्या आमच्या पेठेतल्या एका ताईंनी त्याला वर काढले, मलमपट्टी केली, लसी टोचवल्या आणि आमच्या चिरंजीवांपुढे आणून उभे केले. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आले. सौभाग्यवती विरघळल्या. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट लहानपणी ऐकलेली. तिचा परिणाम कुठेतरी व्हायचाच! आमचे वडील, नाना, एवढेच म्हणाले, "नामदेव एक दिवस धावले. ह्याच्यामागे बारा वर्षे धावावे लागेल."

आठ दिवसांत बंड्याने नानांची वहाण, गादीतला कापूस आणि भूगोलाच्या पुस्तकातला आशिया खंड फस्त केला. युरोपाला तोंड लावले नाही. रात्री अकरानंतर दिवाणखान्यात तो एकटाच शर्यती लावी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर येऊन गेले. पहाटे त्याला फिरवण्याची शपथ घेतलेले चिरंजीव चवथ्या दिवसापासून पांघरुणात सापडू लागले. 'परत देऊन टाकू' हा शब्द घरात प्रथम हळू आणि मग मोठ्याने निघाला. ताईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "न्या परत. पण एकदा परत आलेल्याला दुसरे घर मिळणे फार कठीण हो!"

पशुवैद्यांनी बंड्याला उलटसुलट पाहिले आणि निदान केले, "नऊ-दहा महिन्यांचा आहे. आपल्याकडचा पंधरा वर्षांचा मुलगा समजा. वाईट नाही, बेकार आहे. त्याला काम द्या. भरपूर फिरवा आणि फिरताना वास घेऊ द्या. धावण्याइतकाच तो हुंगण्यानेही दमतो."

कुत्र्यावरची दया आपल्याकडे नवी नाही. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा मुंबईच्या पारशी मंडळींनी दंगा करून शहराचे व्यवहार बंद पाडले. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. भटक्या कुत्र्यांना मारू नये, त्यांची नसबंदी करून, लस टोचून मूळ जागी सोडावे, असे नियम २००१ साली आले आणि २०२३ साली ते नव्याने केले गेले. हे सर्व चांगलेच झाले. पण कायदा झाला म्हणून तो काही पहाटे साडेपाचला दोरी हातात घेत नाही!

ती नानांनी घेतली. नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. बंड्याविषयी त्यांना प्रेम वाटत होते असे मुळीच नाही; त्यांना न पाळले जाणारे वेळापत्रक सहन होत नव्हते. त्यांनी पाटीवर लिहिले: 'सकाळी ५.३०, टेकडी. ७.००, खाणे. दुपारी ४.००, लपवलेली भाकरी हुंगून शोधणे. रात्री ९.००, फेरी. बेदाणे व चॉकलेट सक्त मनाई, कुत्र्यास विषारी.' पावसातही गाडी वेळेवर सुटली. तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या शर्यती थांबल्या. खालचे गृहस्थ आता जिन्यात भेटले की बंड्याची चौकशी करतात. 'परत' हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

आता दिवाळी आली आहे. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पलीकडचा. फटाक्यांत त्याच्या कानांची काय दशा होत असेल? पाटीवर लक्ष्मीपूजनाचे खास वेळापत्रक लागले आहे: 'सायंकाळी ५.००, टेकडीवरून परत. ६.००, आतली खोली, खिडक्या बंद, रेडिओ सुरू. सोबत: नाना.'

"पूजेला बसणार नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले.

नाना म्हणाले, "सूनबाई, पूजा तुम्ही करा. गार्डाची जागा शेवटच्या डब्यात असते."