आवाज एका रात्रीचा, चित्र दुसऱ्या रात्रीचं

गेल्या शनिवारी रात्री दीड वाजता तू काय करत होतास असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला जरा लाज वाटेल. मी जॉन बॉनमचा उजवा हात मोजत होतो. म्हणजे तो ड्रमवर किती वेळा आणि नेमका कुठल्या फ्रेमला आपटतो, ते. बायको एकदा पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत झोपायला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्याचा हा फायदा :)

तर झालं असं, की लेड झेपलिनच्या १९७७ च्या अमेरिका दौऱ्यातलं प्रेक्षकांत बसून कुणीतरी केलेलं चित्रण माझ्या हाती लागलं. या बँडचं मला होस्टेलपासून वेड आहे. त्यांच्या अधिकृत फिल्म्स पाठ आहेत. पण हे प्रकरण वेगळं. चित्र हलतं, अर्धा पडदा काळा. पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी कुरळ्या केसांचं डोकं सतत मध्ये येतं. त्या डोक्याच्या डावीकडे लांबवर एक पांढरा ठिपका हलतो. तो जिमी पेज, ड्रॅगनवाल्या पांढऱ्या सूटमध्ये. आणि आवाज? शून्य. संपूर्ण मूकपट.

याचं कारण कॅमेरा. त्या काळी हौशी लोकांकडे असायचा तो सुपर-८, कोडॅकने १९६५ मध्ये आणलेला. त्याच्या एका काडतुसात ५० फूट फिल्म, म्हणजे ३६०० फ्रेम्स. सेकंदाला १८ फ्रेम्सने चालवला तर ३ मिनिटं २० सेकंद. संपलं की अंधारात, धक्काबुक्कीत नवीन काडतूस घालायचं. आवाज घेणारी सुपर-८ फिल्म १९७३ मध्ये आली होती, पण ती महाग, त्यामुळे बहुतेक चित्रण मुकंच. आणि झेपलिनच्या मैफली तीन-तीन तास चालायच्या!

या हिशोबाने मला खरं पकडलं. खिशात दोन-तीन काडतुसं असलेला माणूस तीन तासांतलं काय टिपतो? बघताना कळतं, की तो सारखा विचार करतोय. पेजने व्हायोलिनचा बो काढला की कॅमेरा सुरू. दोन मानांची गिटार गळ्यात आली की सुरू. सोलो लांबला की बंद. एकदा तर तो गडबडीत स्वतःच्या बुटांचं चित्रण करतो, चांगली चार सेकंदं. चार सेकंदं म्हणजे ७२ फ्रेम्स, एक अख्खा फूट फिल्म बुटांवर गेली! मला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. माझ्या फोनमध्ये कॉन्सर्ट्सचे कितीतरी तास पडून आहेत आणि त्यातलं मी काहीही परत पाहिलेलं नाही.

आवाजवाली मंडळी वेगळीच. त्यातला सर्वांत प्रसिद्ध माइक मिलार्ड. लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये जून १९७७ मध्ये झेपलिनच्या सहा मैफली झाल्या. त्यातल्या २१ जूनच्या रात्रीचं त्याचं रेकॉर्डिंग आजही लोक जिवापाड जपतात. धडधाकट माणूस, पण व्हीलचेअरमध्ये बसून आत जायचा, कारण जड नाकामिची टेपरेकॉर्डर लपवायचा होता. बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट असल्या लोकांच्या बाबतीत भलताच कडक. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या सरकारी माणसाचं यंत्र चोरट्या रेकॉर्डिंगचं समजून फोडल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

म्हणजे एकाकडे चित्र, आवाज नाही. दुसऱ्याकडे आवाज, चित्र नाही. दोघं कदाचित एकाच छपराखाली बसलेले, एकमेकांना न ओळखणारे. मग अनेक वर्षांनी माझ्यासारखे रिकामटेकडे दोन्ही जुळवत बसतात.

जुळवणं सोपं नाही. स्प्रिंगसारखा ताणलेला डेटा असतो तो. कॅमेरा १८ ऐवजी साडेसतरा फ्रेम्सने चालला असेल, तर एका काडतुसाच्या शेवटी चित्र आणि आवाजात जवळपास पावणेसहा सेकंदांचा फरक पडतो. शिवाय टेपचा वेगही थोडा इकडे-तिकडे. म्हणून खुंट्या ठोकाव्या लागतात: इथे बॉनमची काठी झांजेवर पडली, इथे प्लांटने माइक खाली घेतला. दोन खुंट्यांमधलं अंतर ताणायचं किंवा आवळायचं. आधी तर रात्र कुठली ते कपड्यांवरून ठरवायचं. आणि त्या रात्रीची टेपच नसेल तर? मग बरेच जण दुसऱ्या रात्रीचा आवाज लावून मोकळे होतात.

ही फसवणूक आहे का? मी पूर्वी ‘हो’ म्हणालो असतो. पण अधिकृत मंडळींनी काय केलंय बघा. ‘द साँग रिमेन्स द सेम’ हा सिनेमा जुलै १९७३ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मैफलींचा. पण चित्रणात भोकं निघाली, म्हणून १९७४ मध्ये शेपर्टन स्टुडिओत तसंच स्टेज उभारून बँडला पुन्हा उभं केलं. जॉन पॉल जोन्सने मधल्या काळात केस कापले होते, तर त्याला विग घातला! २००३ च्या डीव्हीडीवरच्या ‘इमिग्रंट साँग’मध्ये चित्र सिडनीचं आणि आवाज लाँग बीचचा. आणि बघायला मजा येते, नाकारून कसं चालेल? मग मीही ठरवलं, जे जुळतंय ते खरं.

असो. रविवारी सकाळी याच झिंगेत मी एक जुनं काम काढलं.

आत्याचं लग्न, १९८९, सातारा. त्याची व्हीएचएस कॅसेट मी मागेच डिजिटल करून घेतली होती. तुमच्याही घरी असेल अशी एक: व्हिडिओवाल्याने अख्ख्या लग्नावर हिंदी सिनेमाची गाणी चढवलेली. मूळ आवाज पुसलेला. आजोबा स्वतः मंगलाष्टकं म्हणतायत, हातात कागद, ओठ हलतायत, आणि ऐकू येतंय भलतंच. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. पण लग्नाच्या आठवडाभर आधी ते घरी सराव करत असताना बाबांनी टेप लावून ठेवला होता. ती ऑडिओ कॅसेट शाबूत आहे. शब्द तेच, चाल तीच, शार्दूलविक्रीडिताच्या ठरलेल्या मापाच्या ओळी. बॉनमपेक्षा सोपं काम!

दोन कडवी तर अशी बसली की अंगावर काटा आला. तिसऱ्यात ओठ आणि आवाज फारकत घ्यायला लागले. मला वाटलं, ड्रिफ्ट. ताणून पाहिलं, आवळून पाहिलं, नाही जमलं. मग ती ११ सेकंदं मी सरळ कापली आणि तिथे अक्षता टाकणाऱ्या लोकांचा शॉट घातला. विग घातला म्हणा ना.

संध्याकाळी आजीला लॅपटॉपसमोर बसवलं. तिने पदराने चष्मा पुसला आणि शेवटपर्यंत न हलता पाहिलं.

“छान केलंयस रे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण हा आवाज त्या दिवसाचा नाही.”

“कशावरून?”

“अरे, तिसऱ्या कडव्याला यांचा आवाज फुटला होता. पोरगी चालली ना. पुढे म्हणताच येईना. उरलेलं भटजींनी म्हटलं. इथे तर सगळं खणखणीत म्हणतायत.”

मी गुपचूप मूळ फाइल उघडली. ती कापलेली ११ सेकंदं. आजोबा कागद खाली घेतात. ओठ मिटलेले. आत्याकडे बघत नाहीत, मांडवाच्या छताकडे बघतात. शेजारी भटजींचे ओठ हलायला लागतात. ड्रिफ्ट वगैरे काही नव्हतंच. चित्र खरं सांगत होतं आणि मी त्याला बग समजून काढून टाकलं होतं.

फोरमच्या त्या मैफलींनंतर महिनाभरातच, २४ जुलै १९७७ ला, झेपलिनची अमेरिकेतली शेवटची मैफल झाली. दोन दिवसांनी प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा गेला, दौरा तिथेच थांबला. १९८० मध्ये बॉनम गेला. हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी कुरळ्या डोक्यामागून जमेल तेवढं टिपून ठेवलं, बुटांसकट.

ती ११ सेकंदं मी परत जोडली आणि सरावाचा आवाज काढून त्याची वेगळी फाइल केली. हिंदी गाणंही बंद केलं. आता मंगलाष्टकांचा तो भाग मुका आहे. आजीने तो रविवारी रात्री दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा बघताना तिचे ओठ हलत होते, आणि तिसऱ्या कडव्याला ती बरोब्बर थांबली.